मास्तरांनी मंगळ घासला

मुर्रीच्या केवलराम मास्तरांनी मंगळाला घरी बोलावलं ते पाहुणचार करायला नव्हे, चार माणसांत त्याचा अपमान करायला. एरवी मास्तरांच्या घरी कोणाचा अपमान झाल्याचं गावात कोणी सांगणार नाही. व्हायचा तो मास्तरांचाच, आणि तोही त्यांच्याच छपरीत, त्यांच्याच खाटेवर बसून, त्यांचाच चहा पिता पिता लोक करायचे.

कारण होती शामकला. मास्तरांची एकुलती एक लेक. वैशाखात केशोरीचे बिसराम पाटील आपल्या टेकचंदसाठी तिला पाहून गेले, पसंत करून गेले, जाताना आंब्याची पाटीसुद्धा घेऊन गेले. पंधरा दिवसांनी निरोप आला, की आंबे गोड होते, पण पोरीच्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ आहे.

मास्तर बावीस वर्षं मुलांना भूगोल शिकवत आले होते. त्यांच्या मते मंगळ आठव्या घरात नव्हता, कोणाच्याच घरात नव्हता; तो आपल्या वाटेनं सूर्याभोवती फिरत होता. ही गोष्ट पाटलांना समजावून सांगावी म्हणून ते छोट्या गाडीनं अर्जुनीला उतरले, तिथून बैलबंडीनं केशोरीला गेले, आणि पाटलांच्या ओट्यावर बसून त्यांनी पाऊण तास भूगोल घेतला. पाटलांनी तो शांतपणे ऐकला. मग तंबाखू मळत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमी पायला का जी, मंगळ?"

"तसा जवळून नाही पाहिला. पण..."

"नाही पायला." पाटलांनी चिमूट तोंडात टाकली.

"तुमच्या जोशानं तरी कुठे पाहिलाय?"

"तो पायलो म्हणतच नाही. तो मोजलो म्हणते. गोळा हाय, गोळा हाय, असं तुमीच म्हणून राहिले. मंग दाखवा. कोजागिरीपर्यंत मले माह्या डोळ्यानं गोळा दाखवला, तं पोरगी आमची. नाही तं तिरोड्याची सोयरीक येऊन बसली हाय."

मास्तरांनी तिथल्या तिथे कबूल केलं. माणूस पाऊण तास बोलून हरला, की काहीही कबूल करतो.

घरी आल्यावर कळलं, की दुर्बीण मिळत नाही. सन एकोणीसशे एक्केचाळीस, विलायतेत लढाई पेटलेली. विलायतेहून सुईसुद्धा येत नव्हती. मिळती तरी मास्तरांच्या पगारात तिची नुसती पेटी आली असती. मात्र शाळेच्या कपाटात एक जुनं इंग्रजी मासिक होतं आणि त्यात लिहिलं होतं, की दुर्बिणीचा आरसा कोणालाही घरी घासून करता येतो. 'कोणालाही' या शब्दावर मास्तर भाळले. त्या मासिकाच्या संपादकाला दुधराम नावाचा शेजारी नसावा, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दोन जाड गोल काचा गोंदियाच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या. कोणत्या तरी जहाजाच्या खिडकीतल्या, असं तो शपथेवर सांगत होता. घासायला एमरीची, म्हणजे कुरुंदाच्या दगडाची, भुकटी हवी होती. ती गुलाबचंद शेठच्या राइस मिलमध्ये तांदूळ पालिश करायच्या दगडांसाठी ठेवलेली असे. शेठनं दोन डबे दिले, पण काळजीनं विचारलं, "मास्तरजी, चावल पालिश करना है तो मिल में भेज दो. घर में हाथ से क्यों?"

"चावल नहीं. मंगल देखना है."

"शुभ मंगल? बिटिया का? बधाई हो!" शेठनं आणखी एक डबा दिला. मास्तरांनी समजूत दुरुस्त केली नाही. ही पहिली वेळ. पुढे असे प्रसंग वाढत गेले.

मासिकातली पद्धत अशी होती. एक पिंप घ्यायचं, हलू नये म्हणून त्यात माती भरायची. त्यावर एक काच बसवायची, तिच्यावर ओली भुकटी, आणि त्यावर दुसरी काच ठेवून ती मागेपुढे सरकवायची. पाचसहा वेळा सरकवली, की वरची काच जराशी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल पुढे जायचं. असं दिवसचे दिवस. मग वरची काच हळूहळू मधून खोल होत जाते, तव्यासारखी. पण इतकी थोडी, की ते डोळ्याला नाही, हिशेबालाच दिसतं. शेवटी खालच्या काचेवर राळ ओतून, सोनार दागिन्यांना चकाकी आणायला वापरतात त्या लाल भुकटीनं पुन्हा तसंच घासायचं. मग पाण्याच्या थेंबासारखी काच उजळते.

मास्तरांनी घरापुढच्या छपरीत पिंप मांडलं आणि मृग लागायच्या आत ते फिरू लागले. फिरताना घासे मोजायचे. त्रासाची सुरुवात तिथूनच झाली.

"किती झाले जी, मास्तर?" दुधराम कुंपणावरून विचारायचा.

"चारशे सत्तावीस. नाही, चारशे... अरे बोलू नको रे मधे!"

"बरं. नाही बोलत." दुधराम दहा घासे होऊ द्यायचा. "पन कायले मोजून राहिले? शंभर झाले का पावशेर काच कमी होते?"

मास्तर पुन्हा एकपासून सुरू करायचे. दुधरामच्या सल्ल्यांची यादी मोठी होती. काच उलटी धरा. चुलीची राख लावून पहा. बैलाला जोतलं तर रहाटासारखं आपोआप फिरेल. स्वतः दुधराम मात्र एक पाऊल हलत नसे. सल्ला देणाऱ्यानं श्रम करू नयेत, असा मुर्रीत संकेत आहे आणि तो फार काटेकोरपणे पाळला जातो.

मास्तरांची बायको अनुसयाबाई चार आठवडे उंबऱ्यातून पाहत राहिल्या. पाचव्या आठवड्यात म्हणाल्या, "पीठ पडत नाही तं फिरवता कायले?"

"हे जातं नाही. हे शास्त्र आहे."

"तुमचा हात एका अंगाले जोर देऊन राहिला. जात्यावर असं दळलं असतं, तं माह्या सासूनं खुंटा फेकून मारला असता. सरका."

मास्तर सरकले. अनुसयाबाईंनी पदर खोचला, काचेवर तळवे ठेवले, आणि मोजणंबिजणं काही नाही, सरळ ओवी धरली. शामकला पलीकडून येऊन सूर मिळवू लागली. बाहेर धानाच्या बांध्यांतून पाऊस चालत होता, रोवणीच्या बाया चिखलात वाकल्या होत्या, आणि छपरीत काचेवर काच सरसर सरसर बोलत होती. मासिकात लिहिलं होतं, की घासे ठरीव नसावेत, हात मोकळा फिरावा, तरच आरसा नीट उतरतो. मास्तरांना इतके दिवस साधलं नव्हतं ते हेच. बाईच्या हातात ते ओवीबरोबर आपसूक येत होतं. मास्तरांनी ते मनात कबूल केलं. तोंडानं त्यांनी फक्त "पाणी कमी पडतंय" असं म्हटलं.

श्रावणात घासणी संपली आणि लाल भुकटीची पाळी आली. आता दृश्य असं दिसू लागलं: पिंपावर एक गोल गुळगुळीत दगड, त्यावर लालभडक लेप, वरून पाण्याची धार, आणि एक सुशिक्षित गृहस्थ अनवाणी पायांनी त्याला उजवीकडून फेऱ्या घालतो आहे. खाली लाल पाण्याचा ओघळ छपरीतून निघून मोरीत जातो आहे. हे पाहून कोणाही भल्या माणसाला जे वाटेल तेच दुधरामच्या बायकोला, रुख्माबाईला वाटलं. तिनं कुंपणापलीकडूनच हात जोडले.

"शामकलेचा मंगळ उतरवून राहिले मास्तर," तिनं विहिरीवर सांगितलं. "घासून घासून. लाल लाल निघून राहिला, बाप्पा! केवढा होता काय माहीत."

दुसऱ्या दिवशी पिंपासमोर नारळ. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. चौथ्या दिवशी मुर्रीतल्या आणखी तिघी मंगळाच्या पोरी आयांच्या हाताला धरून आल्या आणि मोरीतलं लाल पाणी तांब्यात भरून घेऊन गेल्या. मास्तरांनी प्रत्येकीला प्रकाशाचं परावर्तन समजावून सांगितलं. प्रत्येकीनं ते मंत्र ऐकावा तसं डोळे मिटून ऐकलं आणि पाया पडून गेली.

अनुसयाबाईंच्या ओवीतही फरक पडला.

*घासू घासू गं आरसा, लाल उतरे पाटाले,*
*माह्या लेकीचा मंगळ गेला वाहून ओढ्याले.*

"अगं, तू तरी!" मास्तर कळवळले.

"ओवी हाय जी. ओवीत काहीही चालते."

भादव्यात अनर्थ झाला. मास्तर शाळेत असताना रुख्माबाई आली, काच उघडी दिसली, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तिनं तिच्यावर मूठभर अक्षता टाकल्या. शामकला उठून धुऊन काढेपर्यंत तांदळाचे दोन दाणे, त्यांतल्या बारीक खड्यासकट, लेपात बुडाले. संध्याकाळी मास्तरांनी घासायला घेतलं आणि काच किंचाळली. उचलून पाहतात तर चार बोटं लांब ओरखडा, सरळसोट, शाळेतल्या पट्टीनं मारल्यासारखा.

मास्तरांची शुद्ध भाषा तिथेच सुटली. "अक्षता कायले टाकल्या वो, रुख्माबाई?"

"देवाले का गिट्टी टाकू?" रुख्माबाई बिलकूल न डगमगता म्हणाली.

ओरखडा काढायचा तर पुन्हा एमरीपर्यंत मागे जायचं. कोजागिरीला महिना उरला होता. मास्तर खाटेवर बसले ते उठेनात. शामकलेनं ओरखड्यावरून बोट फिरवून पाहिलं. छपरीच्या आढ्याला एक पुरुषी वहाण खोचलेली होती, तिच्याकडे तिनं एकदा पाहिलं. मास्तर समजत होते, ती दुधरामची विसरलेली वहाण आहे. खरी गोष्ट अशी, की शिवरात्रीला जवळच्या प्रतापगडच्या जत्रेत शामकलेची चप्पल तुटली. खडक तापलेला. तेव्हा एक पोरगा आपल्या वहाणा तिच्यापुढे सरकवून, 'पुढे कुठेतरी ठेवून द्या' एवढंच बोलून, अनवाणी गड उतरून गेला होता. एक वहाण गर्दीत गेली. उरलेली तिनं आढ्याला खोचली. वैशाखात पाहायला आलेल्या मुलाकडे तिनं मान वर करून पाहिलं तेव्हा तो तोच निघाला.

"बाबा," ती पिंपाजवळून म्हणाली, "पाणी टाका."

मायलेकी भल्या पहाटेपासून घासू लागल्या. मास्तर शाळेतून आले, की तिसरे. कधी रुख्माबाईसुद्धा, हात धुऊन, तांदळाचा दाणा अंगावर नाही याची शामकलेकडून झडती देऊन.

ओरखडा गेला, चकाकी फिरून आली, आणि नेमका त्याच दिवशी कोतवाल टिकारामला मागे घेऊन ठाण्याचा जमादार दारात उभा राहिला. मुर्रीचा मास्तर लांबचं पाहायचं यंत्र बनवतो आहे, अशी खबर पोचली होती. लढाईचे दिवस, जमादारानं कागद काढला.

"कितना दूर का दिखता है?"

"पावणेचार कोटी मैल," मास्तर अभिमानानं म्हणाले. अशा वेळी अभिमान आवरता येत नाही, हा शास्त्रीय माणसांचा जुना रोग आहे.

जमादाराची पेन्सिल थांबली. "और जबलपूर?"

"जबलपूर नाही दिसत. पृथ्वी गोल आहे."

"मंगल दिखता है, जबलपूर नहीं दिखता." जमादारानं टिकारामकडे पाहिलं. टिकारामनं जमिनीकडे पाहिलं. "देखिए मास्तरजी, कागज पर चार खाने हैं. हथियार, यंत्र, बिनतारी, अन्य. यंत्र लिखूँ तो परवाना लगेगा. अर्जी ऊपर जायेगी, छह महीने में आयेगी. तब तक माल ठाणे में."

छह महिने! मास्तरांना समोर तिरोड्याचा मांडव दिसू लागला. तेवढ्यात रुख्माबाई रोजचा नारळ घेऊन आली, जमादाराला कोपरानं बाजूला सारून पिंपासमोर वाकली, आणि जाताना त्याच्याही कपाळाला लाल बोट लावून गेली. जमादारानं काचेकडे पाहिलं, लेपाकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं. मग त्यानं सावकाश बूट काढले.

"पहले बताना था ना! ये तो अन्य में आयेगा." आणि चौथ्या खान्यात त्यानं लिहिलं: 'देव. एक नग. घरगुती.' "दस्तखत कीजिए."

मास्तरांनी पेन्सिल हातात घेतली. ज्यांनी बावीस वर्षं पोरांना दगडाला दगड म्हणायला शिकवलं, त्यांनी स्वतः घासलेली काच देव असल्याचं सरकारला लिहून द्यायचं! त्यांनी वर पाहिलं. शामकला उंबऱ्यात उभी होती, मनगटापर्यंत लाल. मास्तरांनी सही केली. इंग्रजीत केली, तेवढाच निषेध.

पुढचं भराभर झालं. गोंदियाच्या फोटोवाल्या भैयाजीनं आपली औषधं वापरून काचेवर चांदी चढवून दिली आणि हात जोडून मजुरी नाकारली, कारण देवाच्या कामाचे पैसे घेत नाहीत. घड्याळजीनं डोळ्याला लावायचं भिंग दिलं, आणि आतलं चित्र बाजूला वळवायला एक छोटा तिरपा आरसा. नळीसाठी पत्रा मिळेना म्हणून बुरडाकडून बांबूची एक विणून घेतली. धान ठेवायची ढोली असते तशीच, पण सडपातळ, आतबाहेर शेणानं लिंपलेली. अशी दुर्बीण जगात दुसरी नसावी. पावसात तिला गवत उगवलं असतं.

कोजागिरीला दिवेलागणीनंतर बिसराम पाटील आले. बरोबर टेकचंद होता. जोशालाही बोलावलं होतं. पण त्यानं पोट दुखत असल्याचं कळवलं होतं. अंगणात निम्मं मुर्री बसलेलं, मसाल्याचं दूध उकळत होतं. पूर्वेला चंद्र वर आला होता, आणि त्याच्या शेजारीच, थोरल्या भावाचं बोट धरून जत्रेला आल्यासारखा, लाल मंगळ. मास्तरांनी ढोली वळवली. रुख्माबाईनं आधी तिला ओवाळलं. धूर ओसरेपर्यंत सगळे थांबले.

पाटील वाकले ते ढोलीच्या बुडाशी.

"तिथून नाही पाटील, इथून. बाजूनं."

"मंगळ वर, अन् पायायचा बाजूनं?" पाटलांनी कुरकुरत डोळा लावला.

सगळं अंगण माना वर करून मंगळाकडे पाहू लागलं. टेकचंद मात्र आकाशाकडे पाहत नव्हता; तो छपरीच्या आढ्याकडे पाहत होता, आणि मग दारामागे जिथे बांगड्या वाजल्या तिथे.

"हा?" पाटील म्हणाले.

"हाच."

"एवढासाच? मसुरीच्या डाळीएवढा?"

मास्तरांचा जीव गोळा झाला. त्यांनी गोळा कबूल केला होता; म्हणजे चेंडू, निदान लिंबू. मासिकातल्या चित्रात तर केवढा होता!

"अन् हा तं थरथरून राहिला जी!" पाटील डोळा न काढता म्हणाले.

"ते हवेमुळे. हवेचे थर हलतात ना, म्हणून..."

पण पाटलांनी मान वळवली होती. "पयले केवढा होता?" त्यांनी रुख्माबाईला विचारलं. बायांच्या गोष्टी बायांनाच माहीत असतात, हे त्यांना माहीत होतं.

"पयले?" रुख्माबाई उठलीच. "दोन महिने रोज लाल पानी वाहून राहिलं. चला, मोरी पाहा!"

पाटील कंदील घेऊन खरंच मोरी पाहून आले. छपरीपासून ओढ्याच्या वाटेपर्यंत माती लाल झाली होती, कुंकवाचा सडा पडल्यासारखी. ते परत आले, पुन्हा डोळा लावला, पुन्हा मोरीकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"घासून मसुरीएवढा केला! मंग थरथरन नाही तं काय करन? मास्तर, बापानं पोरीसाठी हुंडा देल्ला पायला, वावर देल्लं पायलं. गिरहो घासून देणारा बाप मी पायला नव्हता. पोरगी आमची!"

मास्तर उठून उभे राहिले. फळ्यावर रोज सकाळी ते स्वतःच्या अक्षरात 'नेहमी खरे बोलावे' असं लिहीत. "पाटील," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर..."

अनुसयाबाईंचा पाय त्यांच्या पायावर पडला. जात्याचा सराव असलेला पाय. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. दारामागून दोन हात दिसत होते. नखांत अजून लाल होतं.

"खरं सांगायचं तर," मास्तर म्हणाले, "हात फार दुखले जी."

सगळं अंगण हळहळलं. पाटलांनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि जाताना बजावलं, "उरला तेवढाही घासून टाका. लग्नापर्यंत."

म्हणून कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून मास्तर पुन्हा पिंपाभोवती फिरू लागले. खरा आरसा ढोलीत जपून ठेवला होता. पिंपावर खिडकीची फुटकी काच होती, आणि तिच्यावर लाल भुकटी; इन्स्पेक्टर आल्यावर शाळेत तास चालतो तशी ही घासणी चालायची. मंगळ त्या दिवसांपासून पृथ्वीपासून दूर दूर जाणारच होता, फिका होत, लहान होत. मास्तरांना ते गणितानं ठाऊक होतं. गावाला ते डोळ्यांनी दिसत होतं. दर आठवड्याला लोक ढोलीला डोळा लावायचे आणि कौतुकानं मास्तरांच्या पाठीवर हात ठेवायचे: मसूर, मग बाजरी, मग मोहरी. भूगोल कधी इतका खरा ठरला नव्हता, आणि मास्तर कधी इतके खोटे पडले नव्हते.

माघात मांडव पडला. अनुसयाबाईंनी काचेवर जोडलेली शेवटची ओवी बायांनी मांडवात उचलली:

*फेरा घालते पिंपाले, एक फेरा, दोन फेरे,*
*सातवा गं ठेव बाकी, मांडवात होईल पुरे.*

शामकला आणि टेकचंद फेरे घेऊ लागले. टेकचंदनं मांडवाच्या कडेला काढलेल्या वहाणांत एक नवी होती, एक जुनी. त्याचं कारण दोघांनाच माहीत. मास्तर कडेला उभे होते, लोकांत डोळे पुसायचे नाहीत असा निश्चय करून. सातवा फेरा सुरू झाला आणि त्यांचे पाय आपोआप उचलले गेले. पोरीच्या मागे मागे तेही चालू लागले. दोन्ही तळवे पुढे, जणू त्यांखाली काच आहे, आणि दर पाऊल उचलताना हात जरासे फिरवत, एका अंगाला जोर पडू नये म्हणून जपत.

"किती झाले जी, मास्तर?" दुधराम मांडवाच्या खांबाआडून ओरडला.

मास्तरांनी या वेळी मोजलं नव्हतं.